दार्भायणाने आणलेले नाव

पूर्वी, द्वापरयुग अजून कोवळे होते आणि ऋषिमुनी देवांशी भांडायला सरळ स्वर्गात जात असत, त्या काळी धूम्रगिरीच्या पायथ्याशी वेत्रिणी नदीच्या काठी प्रभावती नावाची नगरी होती. गिरीवर साल, शमी आणि पलाश यांचे असे निबिड अरण्य होते की मध्यान्हीचा सूर्यही तिथे कवडशांनीच उतरे. नगरीचा राजा सुवर्मा धर्मशील होता, आणि त्याचे पुरोहित महर्षी दार्भायण वेदवेदांगपारंगत, तपोनिधी आणि शब्दाचे पक्के होते. इतके पक्के की एकदा तोंडातून गेलेला शब्द चुकीचा ठरला तरी तो परत घेणे त्यांना कमीपणाचे वाटे.

एका वर्षी आकाशात धूमकेतू दिसला. राजा घाबरला. नगरीवर अरिष्ट येऊ नये म्हणून दार्भायणांनी द्वादशवर्षीय सत्राचा संकल्प सोडला, म्हणजे बारा वर्षे अखंड तेवणारा यज्ञ. सत्राला पाण्याचे सान्निध्य हवे, म्हणून वर्षाकाळी नदी जिथे पाय पसरी, त्या सखल कुरणावर त्यांनी मंडप घातला. मंडपाभोवती धर्मशाळा उठल्या, धर्मशाळांभोवती बाजार, आणि बघता बघता अर्धी नगरी नदीच्या अंथरुणात राहायला आली.

समिधांविषयी त्या देशी एक जुना परिपाठ होता. आश्रमवासी रानात जात, झाडाला हात लावून अनुज्ञा मागत आणि खाली पडलेल्या वाळक्या काटक्या तेवढ्या मोळी बांधून आणत. दार्भायणांनी तो मोडला. ते म्हणाले, "वृक्षाने जे टाकले ते भूमीने चाखले. ते उष्टे झाले. देवांच्या मुखी उष्टे घालणारा मी नव्हे! आजपासून समिधा उभ्या झाडाचीच तोडली जाईल, आणि पडल्या काष्ठाला कोणी हात लावणार नाही." ऋत्विजांनी माना डोलावल्या. एवढ्या सूक्ष्म शुद्धीचा विचार आजवर कोणाला सुचला नव्हता, याचे दार्भायणांनाही मनातून कौतुक वाटले.

बारा वर्षे कुऱ्हाडी चालल्या. उतार बोडके होत गेले, आणि जे रान उरले त्याच्या तळाशी वाळके काष्ठ गुडघ्याएवढे साचले. बाराव्या ग्रीष्मात वळवाची वीज पडली. असल्या विजा तिथे दर वर्षी पडत आणि पाचोळ्यात धुमसून विझत. या खेपेला मात्र सारा गिरी सात दिवस जळला. दार्भायणांनी मंडपातून तो लाल डोंगर पाहिला आणि सांगितले, "अग्निनारायण प्रसन्न झाले. पूर्णाहुती जवळ आली."

मग आषाढ लागला. पाऊस आला तो नेहमीचाच, पण त्याला धरायला वर काही उरले नव्हते. चौथ्या दिवशी धूम्रगिरीचा एक सबंध खांदा निखळून खालच्या घळीत बसला, आणि वेत्रिणीची वाट बंद झाली. पाऊस ओसरला, ऊन पडले. नगरीत एवढेच दिसले की ऐन आषाढात नदी आटली.

दार्भायणांची एकुलती कन्या सुव्रता नगरीच्या उंचवट्यावर राहत असे. ती आपल्या पाच वर्षांच्या लेकीला, ऊर्वीला, कडेवर घेऊन मंडपात आली.

"तात, नावाडी होड्या खांद्यावर घेऊन टेकडीवर चालले आहेत. ते म्हणतात, वर पाणी कुठेतरी अडले आहे, आणि अडलेले पाणी सुटले की मागेपुढे पाहत नाही. लोकांना वर जायला सांगा."

"मुली, बारा वर्षांचे माझे तप आणि नावाड्यांची भीती, यांतले तू काय खरे मानतेस?"

"मला त्यांच्या डोळ्यांत खोटे दिसले नाही."

"नदी शांत झाली हे सत्राचे फळ आहे! उद्या याच पात्रात सत्राच्या सांगतेची, अवभृथाची पूजा होईल, आणि पुरोहिताची कन्याच आली नाही तर लोक काय म्हणतील?"

सुव्रता यायला कबूल झाली. पित्याचा शब्द तिने कधी मोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मध्यान्ही, सहस्रावधी स्त्रीपुरुष कोरड्या पात्रात फुले घेऊन उभे असताना, घळीतला बांध फुटला. त्याचे वर्णन करायला माझी जीभ धजत नाही. मंडप, बाजार, धर्मशाळा, सारे घटकाभरात गेले. दार्भायण उंच वेदीवर होते म्हणून वाचले. सुव्रतेला एका वाहत्या यूपाचा, यज्ञस्तंभाचा, आधार मिळाला, पण तिच्या हातातून ऊर्वीचा हात सुटला.

चिखलातून पिता तिच्यापाशी आला तेव्हा ती रडत नव्हती. ती म्हणाली, "तात, हे कोणत्या देवाने केले? मला त्याचे नाव आणून द्या. आईचा शाप मी त्याला देणार आहे."

दार्भायण क्रोधाने थरथरले. खरे तर तो क्रोध त्यांना फार सोयीचा होता, कारण तो ओसरला असता तर खाली काय दिसले असते ते पाहायची त्यांची छाती नव्हती. कमंडलूतले पाणी ओंजळीत घेऊन ते गरजले, "देव असो, दिक्पाल असो, त्याचे नाव आणल्यावाचून मी तुला तोंड दाखवणार नाही!"

योगबळाने ते इंद्राच्या सुधर्मा सभेत शिरले तेव्हा गंधर्वांचे गाणे जागच्या जागी थांबले. ऋषीच्या ओंजळीत पाणी दिसले की इंद्राचे आसन डळमळायचेच. त्याला तशी सवयच होती. पण त्या दिवशी तो हलला नाही. उलट त्याने मान खाली घातली, जसा कोणी दुसऱ्याची फजिती पाहताना घालतो.

"वज्रधरा, माझी नगरी तू का बुडवलीस?"

"महर्षे, सातशे वर्षे मी त्या गिरीवर जेवढा पाडतो तेवढाच पाऊस यंदा पाडला. अरण्य तो पिऊन घेत असे आणि महिनोन् महिने झऱ्यांतून देत असे. यंदा मला तिथे अरण्य दिसले नाही. मी चुकून दुसरीकडे आलो की काय, असे वाटले."

"अरण्य अग्नीने जाळले!"

अग्नी सभेच्या कोपऱ्यात उभा होता. सात जिव्हांचा तो देव, पण बोलताना अडखळला. "दर वर्षी मी तिथे उतरतो आणि भुकेला परततो, मुनिवर. तुमचे आश्रमवासी माझ्या आधी सारे वेचून नेत. यंदा बारा वर्षांचे ताट वाढून ठेवलेले होते. ते कोणी वाढले, हे मला विचारू नका. मी तुमच्याच वेदीवरचे तूप खाल्ले आहे."

तेव्हा भूदेवी पुढे झाली. तिच्या अंगावर भाजल्याचे डाग होते. तिने दोषही दिला नाही. एवढेच विचारले, "दार्भायणा, नदी आटली त्या दिवशी नावाडी कुठे चालले होते?"

दार्भायणांनी उत्तर द्यायला तोंड उघडले. बारा वर्षांत त्यांना कोणत्याही प्रश्नाचे उत्तर अडले नव्हते. डोळ्यांपुढे टेकडीकडे चाललेल्या होड्या आल्या, मग कडेवर बसलेली ऊर्वी आली. अरिष्ट टळावे म्हणून आपण सत्र मांडले होते. ते अरिष्ट कोणी धाडले नाही, आपणच एकेक काडी लावून रचले, हे त्यांना देवांच्या भर सभेत कळले. कोणी हसले असते तरी त्यांना बरे वाटले असते. सारे देव दुसरीकडे पाहत होते.

ओंजळीतले पाणी तसेच सांभाळत ते परतले. वाटेत अनेकदा वाटले की कुठल्यातरी कनिष्ठ यक्षाचे नाव सांगावे. कोणाला कळणार होते?

सुव्रता कुरणाच्या कडेला, गाळ वाळून भेगाळला होता तिथे बसली होती.

"नाव आणलेत, तात?"

"आणले." त्यांनी ओंजळ तिच्या ओंजळीत रिती केली. मग बारा वर्षांत प्रथमच, आणि कन्येपुढे, ते गुडघ्यांवर बसले. "दार्भायण," ते म्हणाले. "पडल्या काष्ठाला उष्टे म्हणणारा तो, कुरणावर मंडप घालणारा तो, आणि तुला पात्रात बोलावणाराही तोच. दुसरे नाव मी शोधले. सापडले नाही."

सुव्रतेने ती ओंजळ उचलली.

"कोणत्याही देवाला मी मृत्यूचा शाप दिला असता," ती म्हणाली. "तुम्हाला तो देत नाही. त्या उतारावर पूर्वीसारखे अरण्य उभे राहीपर्यंत तुम्हाला मरण येणार नाही, तात. लावा. आणि कोणी कुऱ्हाड घेऊन आला, तर तुम्ही काय केलेत ते त्याला स्वतःच्या तोंडाने सांगा."

पाणी भेगाळल्या गाळावर पडले. इंद्राने हे स्वर्गातून ऐकले आणि त्या वर्षी धूम्रगिरीवर तो हलक्या पावलांनी आला.

जाणते सांगतात की दार्भायण अजून तिथेच आहेत. पाठीला बाक आलेला एक म्हातारा उतारावर खड्डे खणतो, रोपे लावतो, पडलेल्या काटक्या वेचून मोळ्या बांधतो. कितीदा तरी अरण्य भरत आले, आणि प्रत्येक वेळी कोणीतरी कुऱ्हाड घेऊन वर आला. त्यांतला प्रत्येक जण पुण्यकार्यासाठी आला होता. म्हातारा कुदळ खाली ठेवतो, हात जोडतो, आणि ऊर्वीच्या नावापासून सांगायला सुरुवात करतो. लोक शांतपणे ऐकून घेतात, हळहळतात, त्याच्या पाया पडतात आणि मग झाडाकडे वळतात.