उलटा हात

"उस्ताद, मी हे काम सोडू काय?"

नथ्थूजींनी मान वर केली नाही. यवतमाळात चाळीस उन्हाळे त्यांनी लोकांचे कूलर दुरुस्त केले होते.

विचारणारा देवानंद, त्यांचाच चेला. हात चांगला, पण घमेंड भारी. चैत्रात एकाच दिवशी अठरा कूलर तयार केले, म्हणून गावभर मिरवत होता. प्रत्येकाच्या जाळीतला वाळा बदलला, मोटरीला तेल पाजलं, पंप साफ केला. अठराव्या घरी अर्थिंगची तार तुटलेली दिसली. ती तेवढी नंतर जोडू, म्हणाला आणि निघून आला.

ते घर प्रमिलाताईंचं. दुसऱ्या दिवशी कूलरमध्ये पाणी भरताना त्या पत्र्याला चिकटल्या. दोन्ही लेकरं समोर उभी होती. ताई पुन्हा उठल्या नाहीत...

"तो कूलर खोल," नथ्थूजींनी दुकानाच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

देवानंदनं खोलला. पुसला, जोडला. अर्थिंग तीनदा तपासलं, टेस्टर लावून पाहिला. मग कूलर सुरू केला आणि पत्र्याकडे हात नेला, पंजाची मागची बाजू पुढे करून.

"उलटा काहून?"

"तुमीच शिकवलं ना. करंट असला तं मूठ आवळते. उलटा हात सुटते."

"बराबर हाय... अन् तिनं कसा लावला असन?"

देवानंदचा हात हवेतच राहिला.

मग त्यानं तो सुलटा केला आणि अख्खा पंजा पत्र्यावर टेकवला. काही झालं नाही. पत्रा नुसता गार होता. तेच त्याला सोसलं नाही. तो खाली बसला आणि हमसून हमसून रडला.

नथ्थूजींनी त्याला पाणी दिलं नाही, पाठीवरून हात फिरवला नाही. खरं सांगायचं तर त्यांच्यापाशी देण्यासारखं काही नव्हतंच.

"तिच्या घरचा कूलर तसाच पडून हाय," ते म्हणाले. "घर नुसतं तापते, पण कोणी त्याले हात लावत नाही. लेकरं भेतात. जाय, नीट करून दे."

"ते मले दारात उभं करणार नाहीत, उस्ताद."

"नाहीच करणार."

"मंग...?"

"उद्या पुन्हा जाजो."