घारमाथा, चारी बाजूंनी

"…आणि काहीच सुटलं नसेल, तर? मग द्याल पाणी?" निनादने विचारलं.

तुंगामाई मठाच्या ओसरीवर चिंचा फोडत बसल्या होत्या. त्यांनी हातातली चिंच पुरी केली, चिंचोका बाजूला टाकला आणि मग म्हणाल्या, "काय सुटलं न्हाई, हे कुणी ठरवलं?"

"मी सांगतो ना."

"बरं…"

हे 'बरं' निनादला चांगलंच ठाऊक होतं. याआधी दोनदा तो याच ओसरीवर याच 'बरं'वर येऊन आपटला होता.

मठ म्हणजे तरी काय, कौलारू दोन खोल्या, पुढे ओसरी आणि पाठीशी घारमाथ्याचा डोंगर. इथे दीक्षा नव्हती, कानमंत्र नव्हता. ज्याला माईंचा शिष्य व्हायचं असेल त्याने घारमाथ्यावर जाऊन यायचं आणि वर काय बघितलं ते सांगायचं. माई ऐकून घ्यायच्या आणि 'आणखी?' म्हणायच्या. सांगणाऱ्याचं सगळं सांगून संपलं, की एकतर 'पुन्हा जा' म्हणायच्या, नाहीतर स्वतःच्या हाताने तांब्याभर पाणी प्यायला द्यायच्या. ते पाणी मिळालं की माणूस मठाचा झाला.

पहिल्या खेपेला निनादने दऱ्या सांगितल्या, सुळके सांगितले, नदीचं वळण सांगितलं.

"आणखी?"

धुकं सांगितलं.

"आणखी?… बरं. पुन्हा जा."

दुसऱ्या खेपेला तो शहाणा झाला. वर डोळे मिटून बसलो, मन शांत झालं, 'मी' कुठे संपतो आणि डोंगर कुठे सुरू होतो तेच कळेना, असं बरंच काही त्याने सांगितलं. माईंनी पदर तोंडाला लावला. हसू दाबायला लावला, हे त्याला दिसलं.

"बरं… पुन्हा जा."

त्याला भयंकर राग आला होता. निनाद सबनीस म्हणजे कुणी ऐरागैरा नव्हता. किल्ले, लेणी, धबधबे, बर्फाचे डोंगर, जाईल तिथे मधोमध कॅमेरा उभा करायचा, चारी दिशा, वरचं आभाळ आणि खालची जमीन टिपायची, आणि घरबसल्या लोकांना बोटाने फिरवून बघता येईल असा एकच अखंड फोटो करायचा, यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. अंथरुणाला खिळलेली माणसं त्याला कळवायची, तुमच्यामुळे अमुक डोंगर बघितला.

गंमत अशी, की त्याला स्वतःला त्या जागांतलं फारसं काही आठवायचं नाही. कुठे ट्रायपॉड नीट बसला आणि कुठे हलला, तेवढं आठवायचं. वर्षापूर्वी तो या मठाचे फोटो काढायला आला होता, तेव्हा माईंशी बोलता बोलता संध्याकाळ सरली आणि कॅमेरा पिशवीतून निघालाच नाही. असं पूर्वी कधी घडलं नव्हतं. या बाईंकडे काहीतरी आहे आणि ते आपल्याकडे नाही, एवढं त्याला कळलं. त्याला त्यांच्या हातचं पाणी हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. फक्त हरायची सवय नव्हती.

म्हणून या खेपेला त्याने कॅमेराच वर नेला होता.

"दोन वेळा मी सांगितलं आणि दोन वेळा कमी पडलं," तो म्हणाला. "आता मी सांगतच नाही. अख्खा माथा घेऊन आलोय. तुम्हीच बघा आणि तुम्हीच सांगा काय राहिलं ते."

माईंनी त्याच्या हातातल्या टॅबकडे पाहिलं. मग आपल्या चिंचेने बरबटलेल्या हातांकडे पाहिलं. काही न बोलता उठल्या, गुडघ्यावर हात देत देत न्हाणीपाशी गेल्या, हात धुऊन, पुसून परत आल्या आणि मांडी न घालता पाय सोडून बसल्या.

"दे."

गुडघे गेल्यापासून माईंना माथा दिसला नव्हता. त्यापूर्वी त्यांची एक सकाळ चुकली नव्हती, असं गावात सगळे सांगत. निनादने फोटो उघडून टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला.

"बोट ठेवा. आता हलवा."

माईंनी बोट हलवलं. माथा फिरला. त्यांनी घाबरून बोट उचललं, मग पुन्हा ठेवलं. पूर्वेची डोंगररांग गेली, नदी आली, नदी गेली, कड्यावरचा एकटा पांगारा आला.

"अगं बाई… हा अजून हाय?"

"आहे."

"वीज पडली होती त्याच्यावर."

त्या पांगाऱ्याशी बराच वेळ थांबल्या. निनाद शेजारी बसून त्यांचा चेहरा बघत होता. त्याला आतून इतकं बरं वाटलं की क्षणभर तो पाणीबिणी सगळं विसरला.

"जवळ येतं का?"

त्याने दोन बोटांनी मोठं करून दाखवलं. मग मात्र माई ऐकेनात. गाव मोठं केलं. मठ मोठा केला.

"मागच्या अंगाचं कौल सरकलंय. तरीच पाणी गळत होतं… कौलं शाकारणाऱ्या तानाजीला सांगाया पायजे." मग जरा थांबून, "ह्यात वारा लागतो का?"

"नाही लागत."

"आवाज?"

"आवाज वेगळा भरता येतो. बासरीबिसरी. लोकांना आवडते."

"वर बासरी कोण वाजवतंय?"



माईंचं बोट उतारावर गेलं. तिथे शेळ्या चरत होत्या. माई वाकून बघू लागल्या.

"पोरा, शेळीला पाय किती असतात?"

"चार."

"मोज."

त्याने मोजले. पाच भरले. "तो… असं होतं कधीकधी. हा एक फोटो नसतो माई, खूप फोटो एकाला एक जोडलेले असतात. एक काढून दुसरा काढेपर्यंत शेळी पुढे सरकली. मग एक पाय इकडच्यात आला, एक तिकडच्यात."

"गोधडीवाणी जोडतोस."

"तसंच. सगळे सांधे मी तपासले होते. ही एक शेळी नजरेतून निसटली."

"असू दे. सुटलं तर काय न्हाई, उलट एक पाय जास्तीच आणलास."

त्या इतक्या गोड हसल्या की तोही हसला. हसता हसता त्याला वाटलं, आता देतील. आता आत जातील आणि तांब्या भरून आणतील.

पण माईंनी बोट वर सरकवलं. आभाळ आलं. निळं, स्वच्छ, कुठे डाग नाही. त्या आभाळ फिरवत राहिल्या.

"हे कधीचं?"

"काल सकाळचं. सूर्य नुकताच वर आला होता."

"वारा होता?"

"पानही हलत नव्हतं. म्हणून तर इतकं नितळ आलंय."

"मग पाखरं कुठं गेली?"

"नव्हती."

"चैतात, सकाळच्या पारी, वर पाखरं न्हाईत?"

"नसलेलीच बरी, माई. पाखरू आलं की फोटो फुटतो. चोच एका तुकड्यात, शेपूट दुसऱ्या तुकड्यात. शेळीसारखंच."

माईंनी बोट खाली ओढलं. आभाळ गेलं, क्षितिज गेलं, कातळ आला आणि अगदी तळाशी, पायांखालची जागा आली. तिथे एक गोल होता. पांढऱ्या गोलावर निळ्या अक्षरांत लिहिलं होतं, निनाद सबनीस.

"हे काय?"

"माझं नाव."

"ते दिसलं. कातळावर कुणी लिहिलं?"

"कातळावर नाही, फोटोवर. तिथे ट्रायपॉड उभा होता. तीन पायांचा असतो, त्याच्यावर कॅमेरा बसवतात."

"तिवई."

"हां, तिवई. ती फोटोत दिसली तर वाईट दिसतं. मग तेवढ्या जागेवर नाव टाकून झाकायचं. सगळेच टाकतात."

"आन् नावाच्या खाली?"

"खाली काय… कातळ."

"आणखी?"

हा 'आणखी' त्याला अपेक्षित नव्हता. फोटो बघणारा माणूस तळाकडे बघतच नाही, असा त्याचा इतक्या वर्षांचा अनुभव होता. लोक डोंगर बघतात, सूर्य बघतात. पायांखाली कोण बघतो?

"एक खळगा आहे तिथे," तो म्हणाला. "छोटासा. माथ्याच्या बरोबर मध्यावर. तिथूनच चारी बाजू मोकळ्या दिसतात, बाकी सगळीकडे दगड आडवे येतात. म्हणून ट्रायपॉड त्याच्यावरच ठेवावा लागला."

"खळगा कोरडा होता?"

"…नव्हता."

माई रागावल्या नव्हत्या. मघाशी आवाज येतो का, वारा लागतो का, असं विचारताना होती तशीच उत्सुकता त्यांच्या तोंडावर होती. निनादला तीच सोसेना.

"पाणी होतं थोडं," तो म्हणाला. "त्यात ऊन पडून चमकत होतं. कॅमेऱ्याचं प्रतिबिंब दिसत होतं. नाव टाकलं तरी कडेने लकाकायचं. म्हणून…"

"म्हणून?"

"पंच्याने टिपून घेतलं."

"सगळं?"

"सगळं. कातळ अगदी कोरडा केला."

हे वाक्य उच्चारलं आणि त्याचं त्यालाच ते ऐकू आलं. मागच्या खेपेला वर एक म्हातारा धनगर भेटला होता. उतरायच्या आधी त्याने आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी त्या खळग्यात ओतलं होतं. निनादला तेव्हा वाटलं होतं, म्हातारा उतरताना ओझं नको म्हणून पाणी टाकून देतोय. आणि खाली येऊन 'मी'पण विरघळल्याचं सांगताना त्यातलं काहीही त्याला आठवलं नव्हतं.

माईंनी एक चिंच उचलली आणि परत ठेवली.

"तू कुठं होतास तवा?" त्यांनी विचारलं. "ह्यात दिसत न्हाईस."

"दगडाआड. मीही फोटोत येता कामा नये ना. तिकडून फोनवर बटण दाबायचं."

"लपून बसला होतास."

"हो."

"तिथनं काय दिसलं?"





निनादने टॅबकडे पाहिलं. पांढऱ्या गोलात त्याचं नाव स्वच्छ दिसत होतं.

"पाखरं आली होती," तो म्हणाला.

माईंनी टॅबवरचं बोट उचललं.

"मी नव्हती म्हटलं, ते खोटं. आली होती. बुलबुल होते, चंडोल होते. ट्रायपॉडला बुजली आधी. मग त्याच्या पायांमधून आत शिरली. खळग्याच्या काठावर बसली. एक चंडोल खाली उतरला, त्याने कातळावर चोच आपटली. मान वाकडी करून बघितलं. पुन्हा आपटली. मी म्हटलं, आता जा बाबा लवकर, ऊन वर येतंय. ती उडून जायची वाट बघत बसलो. गेली… आणि मग बटण दाबलं."

"आणखी?"

"आणखी काही नाही, माई." तो थांबला. "एवढंच बघितलं मी वर. बाकी सगळं कॅमेऱ्याने बघितलंय."

माईंनी टॅब मांडीवरून उचलला आणि जपून, दोन्ही हातांनी, शेजारी पाटावर ठेवला.

"हे आजच्या दिवस हितं राहू दे. मला अजून पांगारा बघायचाय."

मग त्या उठल्या. गुडघ्यावर हात देत आत गेल्या. रांजणाच्या झाकणाचा आवाज आला, मग पाणी भरल्याचा. निनाद ताठ बसून राहिला. हा आवाज या ओसरीवर किती जणांनी ऐकला असेल आणि किती जण तो न ऐकताच परत गेले असतील, असं त्याच्या मनात आलं. आपण तर आज सगळं घालवून बसलो होतो. त्याला काही समजेना.

माई बाहेर आल्या. तांब्या काठोकाठ भरलेला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला.

निनादने घेतला. तांब्या गार होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायचं त्याला सुचलं नाही. त्याने माईंच्या पायांवर डोकं ठेवलं, सरळ झाला आणि तांब्या ओठांना लावायला वर उचलला.

माईंनी त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"पिऊ नको, पोरा… जिथं तुझं नाव हाय, तिथं नेऊन ओत."