रिबकाच्या नावाचा केक

कृपादास महाराज त्या वर्षी नाताळाच्या कीर्तनासाठी खारपिंपरीत उतरले होते. भगवी कफनी, गळ्यात लाकडी क्रूस, हातात चिपळ्या. हे ख्रिस्तभक्त संत ज्या गावी जात, तिथल्या सर्वांत गरिबाच्या घरी मुक्काम करत. खारपिंपरीत ते घर सगुणाबाईचे होते.

सगुणाबाईची एकुलती एक लेक रिबका त्याच श्रावणात महारोगाने गेली होती. तिथल्या ख्रिस्ती मंडळीत रीत अशी, की वर्षभरात ज्या घरचे माणूस गेले, त्या घराने नाताळाच्या प्रीतिभोजनाला त्याच्या आवडीचे गोडधोड करून आणायचे आणि ते सर्वांनी मिळून खायचे. रिबकाला केक फार आवडे. तिच्या नावाचा केक मंडळीने खावा, एवढेच त्या माउलीचे मागणे होते.

मंडळीच्या देवळाच्या आवारात बायकांनी चुली मांडल्या. वाळू भरलेल्या पातेल्यात केकचा डबा ठेवायचा, झाकणावर निखारे पसरायचे. त्या निखाऱ्यांचा अंदाज सगुणाबाईइतका कुणालाच नव्हता. दरवर्षी साऱ्या गावाचे केक तीच भाजून देई. पण या खेपेला मास्तरांची बायको मार्थाबाई आडवी आली.

"लांब हो गं! लेकीच्या जखमा धुतलेले हात आमच्या केकला लावतीस व्हय? अन् तुझा डबा तुझ्याच घरी ऱ्हाऊ दे. रोग वाटायचाय का गावात?"

बायका फिदीफिदी हसल्या. सगुणाबाई मुकाट्याने घरी गेली आणि आपल्याच चुलीवर केक भाजून रडत बसली.

"म्हाराज, हा आता कुत्र्याला घालू का?"

महाराज म्हणाले, "आधी मंडळीला विचारू. मग कुत्र्याला."

इकडे मार्थाबाईने लवकर व्हावे म्हणून झाकणांवर निखाऱ्यांचे ढीग रचले. झाले! सगळे केक वरून कोळसा आणि आत कच्चा रबडा. कीर्तन आटोपून ऐंशी माणसे पंगतीला बसली, तर पानात गोड वाढायला काही नाही.

तेव्हा महाराजांनी सगुणाबाईचा डबा आणून मधोमध ठेवला. केक जेमतेम वीतभर. त्यावर उपरणे टाकून त्यांनी डोळे मिटले, प्रार्थना केली आणि म्हणाले, "माउली, आता तूच वाढ."

ती कापत गेली, वाढत गेली. पंगत संपली तरी केक संपेना! धन्य प्रभूची करणी! पण आपली तऱ्हा पाहा. चमत्कार दिसल्याबरोबर रोगाची भीती कुठल्या कुठे पळाली, आणि सकाळी नाके मुरडणाऱ्या बायाच आता दुसरा तुकडा मागू लागल्या. मला त्यांची लाज वाटते.

मार्थाबाईने मात्र हातातला घास पानात परत ठेवला. तिने धावत येऊन महाराजांचे पाय धरले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"माझं तू काय बिघडवलंस? तिकडे जा."

साऱ्या मंडळीदेखत मार्थाबाईने सगुणाबाईच्या पायांवर डोके ठेवले. "सगुणा, मला माफ कर गं. मागल्या नाताळाला रिबका आमच्या फाटकाशी उभी ऱ्हाऊन केक मागत होती. मीच तिला हाकललं."

सगुणाबाईला हे ठाऊक नव्हते. तिने हातातली सुरी खाली ठेवली.

"उठा, बाई," ती म्हणाली. "मला बोललात, त्याची माफी दिली. पर तिची माफी म्या कुठनं आणू?"

महाराजांचे डोळे वाहू लागले. मार्थाबाईला त्या पायांवरून डोके उचलवेना.