पिवळी छत्री

“...म्हणजे अजून किती जग पाहायचं, बुवा?”

त्र्यंबकराव मोहरील, निवृत्त नायब तहसीलदार, मठाच्या ओसरीवर बसले होते. हात जोडलेले होते, आवाज मात्र अजून कचेरीतलाच होता.

प्रश्न गुरुवारच्या निरूपणाचा होता. निरंजनबुवांचा गळा आता थकला होता आणि ती जागा आपल्याला मिळावी, असं त्र्यंबकरावांना मनापासून वाटत होतं. गेल्या वर्षी त्यांनी तसं बोलून दाखवलं तेव्हा बुवा म्हणाले होते, “आधी जग पाहून ये.”

त्र्यंबकरावांनी तो आदेश समजून रीतसर अंमलबजावणी केली. अकरा दिवस, सात शहरं. सहल कंपनीनं शेवटी प्रमाणपत्र दिलं, ते त्यांनी आज बुवांच्या पायाशी ठेवलं. शेजारी भेट म्हणून एक पिवळी छत्री.

“ही कशाला?”

“आमच्या सहलप्रमुखाची. तिकडं गर्दी फार. कोणी हरवू नये म्हणून तो ही उंच धरायचा, आम्ही चाळीस जण मागं. शेवटच्या दिवशी मी मागून घेतली.”

“हं. काय पाहिलंस?”

त्र्यंबकराव याच प्रश्नाची वाट पाहत होते. लंडनचं घड्याळ वेळेवर चालतं. पॅरिसचा मनोरा फोटोतल्यापेक्षा उंच निघाला; त्याच्या पायथ्याशी मसालेभात आणि मठ्ठा मिळाला. रोममध्ये पडझड बरीच आहे, पण तिकीट लावून नीट जपली आहे...

बुवांनी एक जांभई मोठ्या कष्टानं गिळली.

“कुठं चुकलास का रे?”

“चुकेन कसा? छत्री होती ना.”

“एकदाही नाही?”

...

त्र्यंबकरावांनी घसा खाकरला. “एकदा. व्हिएन्नात. दहा-बारा मिनिटं. पण ते काही सांगण्यासारखं नाही.”

“सांग.”

“बुटाची नाडी सुटली म्हणून वाकलो. वर पाहतो तो छत्री नाही. तिथं बाकावर एक म्हातारा सफरचंद सोलत बसला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि मला जागा करून दिली. त्याची भाषा मला येईना, माझी त्याला. सुरीच्या टोकावर एक फोड त्यानं पुढं केली. आंबट होती. साल मात्र त्यानं न तुटू देता काढली होती, ही एवढी लांब. ती त्यानं बाकाच्या दांडीला अडकवली. वाऱ्यानं ती हलायची, आणि आम्ही दोघं आपले बघत बसलो...”

बोलता बोलता त्र्यंबकरावांचा कचेरीतला आवाज कुठंतरी सांडला होता.

“मग?”

“मग कोपऱ्यावर छत्री दिसली. पळत सुटलो.”

“अरेरे.”

“अहो, सापडली शेवटी!”

“तेच म्हणतोय मी. अरेरे.”

बुवा उठले. छत्री न उघडताच डोक्यावर उंच धरली आणि चालू लागले.

त्र्यंबकरावांनी चपला पायांत सरकवल्या आणि मागं निघाले. कोणी चल म्हटलं नव्हतं. पाय आपसूक निघाले. फाटकातून बाहेर, तलावाच्या बांधावरून, मठाला पुरता वळसा घालून दोघं पुन्हा ओसरीशी आले. बुवांना दम लागला होता.

“काय पाहिलंस?”

त्र्यंबकराव विचारात पडले. “ऊन होतं,” ते म्हणाले.

“कोण भेटलं?”

“कोणी नाही.”

“कोणी नाही?” मठातला स्वयंपाक सांभाळणाऱ्या गोदाक्का पदर खोचून मागोमाग येऊन पोचल्या होत्या. “बांधावर दोनदा हाक मारली तुम्हाला, मोहरीलभाऊ! लुगडं पसरून सांडगे वाळत घातलेत मी तिथं. बुवा बिचारे कडेनं गेले. तुम्ही सरळ लुगड्यावरून, माझ्या सांडग्यांवरून!”

त्र्यंबकरावांनी चपलेचा तळ पाहिला. दोन सांडगे चिकटलेले होते.

बुवांनी छत्री गोदाक्कांच्या हाती दिली. “घ्या. कावळे हाकायला होईल.”

...

“म्हणजे,” त्र्यंबकराव हळूच म्हणाले, “निरूपण गेलं माझं.”

“गेलं कशानं? परवा गुरुवार. उद्या सकाळी एकटा हीच फेरी मार. दिसेल ते दिसू दे. परवा लोकांपुढं बसून तेवढंच सांग.”

“तेवढंच?”

“तेवढं जमलं तर गादी तुझी.”

त्र्यंबकरावांचा चेहरा उजळला. त्यांनी वाकून नमस्कार केला, प्रमाणपत्र उचलून खिशात घातलं, गोदाक्कांची माफी मागितली आणि झपझप फाटकापर्यंत गेले.

तिथं थांबले. वळले.

“बुवा, एवढं एकच. उद्या डावीकडून निघायचं की उजवीकडून?”

बुवांनी डोळे मिटले.

...

“अक्का, ती छत्री द्या बरं परत.”