टेबलावरचा की कपाटाएवढा?

उंबरगडचे महाराज रणधवल हट्टाला पेटले, की राजवाड्यातली मांजरंसुद्धा माळ्यावर जाऊन बसत. या खेपेला हट्ट होता दोन जुन्या संगणकांचा. एक महाराणींच्या टेबलावरचा. दुसरा शहरातल्या लिलावातून आणलेला सर्व्हर, कपाटाएवढा उंच आणि पिठाच्या गिरणीसारखा घरघरणारा. दोघांच्याही प्रोसेसरचं, म्हणजे आतल्या मेंदूचं, वय झालेलं. तरी त्यांतला एक 'राजसंगणक' म्हणून हत्तीवरून मिरवायचा, असं महाराजांच्या मनात होतं. आणि हत्ती एकच होता.

"दोघांत वेगवान कोण? एका शब्दात सांगा," महाराज दिसेल त्याला विचारत. "चुकेल त्यानं सर्व्हरला वारा घालायचा. पुढचा हुकूम होईपर्यंत."

प्रधान नरहरपंत म्हणाले, "टेबलावरचा." महाराजांनी ताबडतोब राज्यातल्या सगळ्या गावांची शिरगणती एकदम करायला घातली. टेबलावरच्याच्या मेंदूत कामकरी कोअर अवघे चार. ते बिचारे गावामागून गाव उरकत बसले. सर्व्हरमध्ये कोअरांची पलटणच होती. त्यांनी गावं वाटून घेतली आणि दुपारच्या जेवणाआधी हात झटकले. पंतांच्या हाती पंखा आला.

ते पाहून राजज्योतिषी शहाणे झाले. म्हणाले, "सर्व्हर." महाराजांनी एकच लांबलचक गणित घातलं. आधीची पायरी सुटल्याशिवाय पुढची दिसायची नाही, असं. ते वाटून घेणार कसं? सर्व्हरचा एक कोअर रमतगमत कामाला लागला, बाकीची पलटण जांभया देत बसली. टेबलावरच्याचा एकच चपळ कोअर केव्हाच पुढे निघून गेला. ज्योतिष्यांनाही पंखा मिळाला.

हळूहळू सेनापती, आचारी, राजवैद्य सगळेच सर्व्हरभोवती उभे राहिले. वैद्य रिकामे नाहीत म्हणून गावानं आजारी पडणं पुढे ढकललं.

अशात येसबा कुंभार राजवाड्यात माठ द्यायला गेला. महाराजांनी त्यालाही विचारलं. येसबा म्हणाला, "मोठा." आणि तो घरी परतलाच नाही.

पोळा तोंडावर आला होता. येसबाच्या लेकीनं, सगुणानं, मातीचे बैल वळून ठेवले होते. पण श्रावणाची झड थांबेना आणि बैल वाळेनात. वाळले असते तरी भट्टी रचणारा बाप राजवाड्यात वारा घालत होता. गावातल्या पोरांनी बैल पुजायचे कुठले? सगुणानं हात धुतले, पदर खोचला आणि राजवाडा गाठला.

बाप दिसला तो सर्व्हरच्या पाठीमागे. तिथून असा गरम वारा येत होता, की येसबाचं भिजलेलं धोतर अंगावरच वाळून कडक झालं होतं. सगुणानं ते नीट पाहून घेतलं.

"तू उत्तर द्यायला आलीस?" महाराजांनी विचारलं.

"व्हय महाराज. पण आमच्या कुंभारवाड्याची रीत आहे. विचारणाऱ्यानं आधी तसलंच एक कोडं सोडवायचं."

"सोडवू. आणि चुकलो तर?"

"तर पंखा."

दरबारातले पंखे जागच्या जागी थांबले. महाराजांनी मिशीवरून बोट फिरवलं. "विचार."

"आपला खबर आणणारा जासूद आणि आपले शंभर हमाल. वेगवान कोण? एका शब्दात."

"जासूद," महाराज हसले. "हे काय कोडं झालं?"

"बरं. तर आपल्या सासूबाई आल्यात, महिनाभर राहायला. त्यांच्या पेट्या वेशीपासून माडीवर चढवायच्या आहेत. सांगा जासुदाला."

पडद्याआडून महाराणी म्हणाल्या, "आईच्या पेट्या? एकट्या जासुदाला दिवाळी उजाडेल."

"मग हमाल," महाराज घाईनं म्हणाले. "आमचं उत्तर हमाल."

"हमाल तर हमाल. आता सासूबाई घरून निघाल्यात. त्या पोचायच्या आत ती खबर आपल्याला मिळायला पाहिजे. सांगा हमालांना."

महाराजांचा चेहरा उतरला. "शंभर जण आहेत की."

"खबर एकच आहे, महाराज. शंभर खांद्यांवर घेतली म्हणून ती लवकर येत नाही. आणि हमालाच्या चालीनं आली, तर सासूबाई आधी येतील."

महाराज सिंहासनावरून अर्धवट उठले. "त्या खरंच निघाल्यात?"

"नाही जी. कोडं आहे."

महाराज पुन्हा टेकले आणि चिडून म्हणाले, "अगं, पण तू आधी उत्तर घेतेस आणि मागून काम सांगतेस. असं कोण जिंकेल?"

सगुणानं फक्त सर्व्हरभोवतीच्या मंडळींकडे पाहिलं. मंडळींनी महाराजांकडे पाहिलं. राजवैद्य तर जरा जास्तच वेळ पाहत राहिले.

महाराज घसा खाकरून म्हणाले, "ते असू दे. आमच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. या दोघांत वेगवान कोण? एका शब्दात."

"कशाला?" सगुणा म्हणाली.

"कशाला म्हणजे? आम्ही विचारतोय म्हणून. उलट विचारतेस आम्हाला?"

"उलट नाही महाराज, हेच उत्तर. एका शब्दात. शिरगणती करायला, की ते लांबडं गणित सोडवायला? कशाला?"

आधी महाराजांचं पोट हललं, मग खांदे, आणि मग ते असे खदाखदा हसले, की सर्व्हरची घरघरही ऐकू येईना. "दोघंही चढवा रे हत्तीवर," ते डोळे पुसत म्हणाले. "या सगळ्यांना सोडा. आणि पोरी, तू काय हवं ते माग."

"पोळ्यापर्यंत सर्व्हरची पाठ आम्हांला द्या."

"पाठ?"

"मागची जागा, जी. आमचे बैल वाळत घालायला. तेवढी हत्तीची मिरवणूक पोळ्यानंतर काढा."

महाराजांनी जागा दिली आणि वर भट्टीसाठी दोन गाड्या सरपणही. संध्याकाळपर्यंत सर्व्हरमागे मातीचे बैल ओळीनं उभे राहिले. महाराज शब्दाचे पक्के होते. येसबाच्या हातातला पंखा त्यांनी स्वतः घेतला आणि बाह्या वर सारून वारा घालू लागले.

"जरा डावीकडे, महाराज," सगुणा म्हणाली. "तिकडचे अजून ओले आहेत."