साहेबांना न दिसलेला अर्ज

बायांनो, हसून पोट दुखलं तर मला बोल लावू नका.

आमच्या नगरपालिकेनं मोबाईलवर ॲप काढलं. घरकुलाचा अर्ज आता त्यातच करायचा, कागद बंद. माझा शेजारी गेनू जन्माचा आंधळा. त्याच्या घराची भिंत पडायला आलेली आणि अर्जाचा शेवटचा दिवस. त्याचा फोन सगळं वाचून दाखवतो, पण हे ॲप उघडलं की मुका!

मी नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन हे सांगितलं. तिथले कारेकर साहेब म्हणाले, "ॲपमध्ये स्पष्ट लिहिलंय, हे सर्वांना वापरता येतं. अडलं तर मदतही खाली लिहिलीय."

"बरं साहेब," म्हणून मी घरी आले. दुपारी गेनूला घेऊन परत गेले आणि सगळ्यांदेखत एक जाड कागद पुढे केला. "हा गेनूचा अर्ज."

साहेबांनी तो उलटासुलटा केला. "आजी, चेष्टा करता? हा कोरा आहे!"

"कोरा कसा? गेनूनं दाभणानं ठिपके टोचून लिहिलाय, ब्रेलमध्ये. सर्वांना वाचता येतो."

"मला नाही येत!"

"मग मदत खाली लिहिलीय की!"

सगळी कचेरी खिदळली. साहेबांचे कान लाल! शेवटी म्हणाले, "गेनूभाऊ, तुम्हीच वाचा, मी लिहून घेतो."

संध्याकाळी ॲपमध्ये नवी ओळ आली: 'ज्यांना दिसत नाही त्यांना हे ॲप अजून वापरता येत नाही. त्यांचा अर्ज कचेरीत लिहून घेऊ.'

मी गेनूला वाचून दाखवलं. "बघ, आता खरं लिहिलंय."

"लिहिलंय खरं, काकू. पण वाचावं तुम्हालाच लागलं ना?"

म्हटलं, "काढ दाभण. अजून एक अर्ज टोच!"