घागरीच्या पोटातली ठकठक

नद्यांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची ही गोष्ट. पाणवठ्याजवळ एका कुंभारणीच्या ओसरीत एक कोवळी घागर राहायची. रोज टळटळीत दुपारी तिला आवाज यायचा: ठक, ठक. आसपास चिटपाखरू नसायचं, तरी कुणीतरी तिला बाहेरून थापटत असायचं. कुणी पाणी भरायला आलं की ती खेकसायची, “हात लावू नका मला!”

“भास होतात तिला,” फळीवरचे तांबे आपसात कुजबुजले.

कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या रांजणाने मात्र विचारलं, “कधीपासून गं, पोरी?”

“चाकावर ओली माती होते तेव्हापासून.”

रांजण म्हणाला, “कुंभारीण एका हाताने बाहेरून थापटते, तेव्हा दुसऱ्या हाताने आतून आधार देते. तुझ्या वेळी ती तापाने फणफणली होती. आतला हात सारखा निसटत होता. मी पाहत होतो.”

“मग आता? भाजल्या मातीला कोण आधार देणार?”

“ते नाही जमायचं. पण ठक झालं की मी ओ देईन.”

त्याने शब्द पाळला. ठक झालं की कोपऱ्यातून खोल आवाज यायचा, “ओऽ.” हळूहळू घागर पाणी भरू देऊ लागली.

तीन उन्हाळ्यांनी रांजणाला तडा गेला. लोकांनी त्याला उचलून नेलं. त्या दुपारी घागर अंग चोरून बसली.

ठक.

“ओऽ.”

घागरीने दचकून कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे जमिनीत नुसता गोल खड्डा होता. आवाज तिच्याच पोटातून आला होता.